गाड्यावर नाव

दर आठवड्याला या सदरासाठी मला जी जागा मिळते, तीत एखादा शब्द नाहीतर एखादी म्हण जेमतेम मावते. दिवाळी अंकात मात्र संपादक सणाच्या यजमानासारखे वागतात आणि पानात चार घास जास्त वाढतात. तेव्हा या खेपेसही म्हण एकच घेतो. पण तिचा अर्थ सुमारे तीनशे किलोमीटर लांब आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

म्हण सर्वांच्या परिचयाची आहे: 'कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा.' गेली वीस वर्षे मी ती वर्गात समजावून देत आलो. नदी उतरताना गाडा नावेत चढतो आणि डागडुजीला जाताना नाव गाड्यावर चढते. म्हणून आज जो दुसऱ्याला वाहून नेतो, त्याच्यावर उद्या दुसऱ्याने वाहून नेण्याची पाळी येते, असे माझे ठरलेले विवरण. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत माझेच वाक्य मला परत करतात. मीही संतुष्ट होऊन पैकीच्या पैकी गुण देतो. एवढे करून गाड्यावर चढलेली नाव मी जन्मात पाहिली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

ती पाहण्याचा योग २०२४ च्या डिसेंबरात आला. एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला.

"सर, तुमचं आजोळ गुहागरकडचं ना?"

"हो. का बरे?"

"तिकडे एक होडी विकायला आहे. फायबरची, एकोणीस फुटी. तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल. कोकणातल्या माणसाशी भाव कसा करायचा, आम्हाला समजत नाही."

तो मलाही समजत नाही. पण विद्यार्थ्यापुढे अज्ञान कबूल करण्याची आमच्या व्यवसायात रीत नाही. मी होकार दिला.

हा विद्यार्थी भिगवणजवळचा, भीमेकाठच्या मासेमाराचा मुलगा. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी मागे पसरत गेले. कित्येक गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. धरण आटले की अजूनही ते बाहेर डोकावते. ज्यांची शेते गेली त्यांतल्या काहींनी त्याच पाण्यावर जाळे टाकून पोट भरायला आरंभ केला. पुढे हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागले, त्यांच्यामागोमाग ते पाहणारे पुण्या-मुंबईचे लोक येऊ लागले, आणि मासेमारांच्या होड्यांना आणखी एक काम मिळाले. माझ्या विद्यार्थ्याला त्या कामासाठी होडी हवी होती.

घरची जुनी होडी होती. पण ती आता नको, असे त्याच्या आईने निक्षून सांगितले होते. त्याला कारण घडले होते. २०२४ च्याच मे महिन्यात, कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक घरात तेव्हापासून होडीकडे पाहण्याची नजर बदलली. "घेशील तर रुंद घे, नवी घे, आणि माणसामागं एक जाकीट घे. नाहीतर घेऊच नकोस," हा मातोश्रींचा हुकूम.

आता होडी आणायची कशी? ट्रकचे भाडे त्याच्या आवाक्याबाहेरचे. परंतु दाभोळच्या खाडीकाठी ज्या गृहस्थाकडे ही होडी होती, तो ती होडी ट्रेलरसकट विकायला तयार होता. ट्रेलर म्हणजे दोन चाकांचा एक लोखंडी सांगाडा. त्यावर होडी बसवून पट्ट्यांनी आवळायची आणि ट्रेलरची दांडी मोटारीच्या हुकाला अडकवायची. विद्यार्थ्याच्या चुलत्यांचा पिकअप होता. त्यामागे होडी जोडून कुंभार्ली घाटातून वर आणायची, असा बेत ठरला. आमच्या घरी हा बेत सांगितला तेव्हा सौ. एवढेच म्हणाल्या, "तुम्हांला स्कूटरला भाजीची पिशवी बांधता येत नाही. तुम्ही होडी बांधायला चाललात!"

सुदैवाने बांधायला मी नव्हतो, तात्या होते. तात्या म्हणजे ते पिकअपवाले चुलते. वय साठीचे. तीस वर्षे साखर कारखान्याला ट्रॅक्टरने ऊस ओढला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून त्या बांधाच्या वाटेने उलट्या मागे घेणारा हा माणूस. मात्र होडी त्यांनीही कधी ओढली नव्हती, घाटातून तर नाहीच. विद्यार्थी वल्हवण्यात तरबेज. पण गाडीमागे काही जोडून चालवण्याची त्याची पहिलीच वेळ. आणि मी म्हणीचा जाणकार. असे आम्ही तिघे नाताळच्या सुट्टीत कोकणात उतरलो.

भाव माझ्या मामेभावाने केला. होडी चांगली होती. ट्रेलरचे मात्र काही खरे नव्हते. त्याचा जन्म किनाऱ्यावर गेला होता. ट्रॅक्टरने होडी पाण्यात सोडायची नि वर काढायची, एवढेच त्याला ठाऊक. रोज खाऱ्या पाण्यात बुडून त्याच्या चाकांची बेअरिंगे गंजली होती. मागचे दिवे नावापुरते होते. ट्रेलरलाही मोटारीसारखा स्वतःचा नंबर आणि कागदपत्रे लागतात, हे मला तिथे कळले. ती सुदैवाने होती. एका चाकाचे बेअरिंग बदलले. दुसरे पाहून मिस्त्री म्हणाला, "हे चालेल." तात्यांनी मान हलवली, पण पैशांचा हिशेब पाहून ते गप्प बसले. नवे दिवे लावले, मागच्या बाजूस लाल चकाकत्या पट्ट्या चिकटवल्या, एक जादा चाक घेतले.

मग होडी चढवली. तिची नाळ पुढे घेऊन साखळीने जखडली, मागची बाजू दोन रुंद पट्ट्यांनी खाली आवळली. पट्ट्याला तात्यांनी मुद्दाम एक पीळ दिला. मी कारण विचारले. "सरळ ठेवला तर वाऱ्यानं फडफडतोय, गुरुजी. दिवसभर भुंग्यागत वाजतोय आन् सैल पडतोय." दांडीखाली दोन साखळ्या एकमेकींवरून फुली मारून अडकवल्या, हूक निसटलाच तर दांडी त्या झोळीत पडावी, रस्त्यात रुतू नये, यासाठी. शेवटी विद्यार्थ्याने होडीच्या तळाचे बूच काढले. वाटेत पाऊस आला किंवा कोणी पाणी ओतले तर ते वाहून जावे म्हणून बूच काढून ठेवायचे असते. "सर, हे तुमच्याकडे ठेवा," असे म्हणून त्याने ते माझ्या हाती दिले. मी ते कोटाच्या खिशात टाकले.

निघण्यापूर्वी तात्यांनी एक परीक्षा घेतली. हुकातून दांडी सोडवून ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि मलाही उचलायला लावली. कष्टाने उचलली गेली. "झ्याक," ते म्हणाले. "एका बोटानं उचलली तर वाईट. दोघांनी मिळून उचलली नाही तरी वाईट. एका गड्याला दम लागंल इतकी जड पायजे." यातले शास्त्र नंतर मी समजून घेतले. ट्रेलर म्हणजे मुलांची सीसॉ. चाकांचा आस हा मधला टेकू. होडी आणि ट्रेलर मिळून आमचे ओझे साडेसहाशे किलोच्या घरात होते. त्यातले दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर वजन पुढच्या दांडीवर पडावे लागते. पुढे फार झाले तर ओढणाऱ्या मोटारीची शेपटी खाली दबते आणि तिची पुढची चाके हलकी होतात. मागे फार झाले तर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटासारखा हलू लागतो. म्हणूनच तात्यांनी होडीचे इंजिन, नांगर आणि बारा जाकिटे होडीत न ठेवता पिकअपच्या हौद्यात ठेवली होती.

आता मी माझ्या अपराधाकडे येतो. मामेभावाने प्रेमाने शंभर नारळ दिले होते. पन्नास-पन्नासाची दोन पोती. हौदा भरलेला. तात्या चहा घेत होते, विद्यार्थी पैसे मोजत होता. एवढी मोठी रिकामी होडी मागे असताना नारळ कुठे ठेवावेत, हा प्रश्न मला पडलाच नाही. मामेभावाच्या मदतीने ती पोती मी होडीच्या अगदी मागच्या टोकाला, कोणाच्या पायांत येणार नाहीत अशी, नीट ठेवून दिली. या व्यवस्थितपणाबद्दल मला थोडा अभिमानही वाटला.

पहाटे पाचला निघालो. शृंगारतळी, मार्गताम्हाने करीत उजाडता उजाडता चिपळूण गाठले. तात्यांनी वेगाची मर्यादा पन्नासची घातली होती. त्यांच्या आज्ञेने पहिल्या दहा किलोमीटरांवर एकदा आणि पुढे दर तासाला एकदा थांबायचे: पट्टे ओढून पाहायचे, हूक पाहायचा, चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहायचा. तुंबा कोमट असला तर ठीक, हात ठेववेना तर थांबायचे. पहिल्याच थांब्याला एक पट्टा दोन बोटे सैल झालेला आढळला, तेव्हा त्या रिवाजाचा मला आदर वाटू लागला.

लोकांना मात्र ही वरातच वाटली. समुद्राकडे जाणारी होडी कोकणात नवी नाही, पण पाठ फिरवून सह्याद्रीकडे निघालेली होडी पाहून चिपळुणात एका दुकानदाराने विचारले, "काय हो, वर पूर आलाय की काय?" २०२१ च्या जुलैत ज्या गावात पुरामुळे रस्त्यांतून होड्या फिरल्या, त्या गावाने हा विनोद करावा, याचे मला कौतुक वाटले.

पोफळीपासून कुंभार्ली घाट सुरू होतो. तिथे एक गंमत मनात आली. कोयनेचे पाणी वास्तविक पूर्वेचे. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारे. धरण बांधून ते बोगद्यांतून पश्चिमेला वळवले, पोफळीला वीज करून वाशिष्ठीत सोडले, आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. म्हणजे आमची होडी इतके दिवस ज्या पाण्यावर तरंगली, त्यात थोडे घाटावरचे पाणी होतेच. ते पाणी डोंगरातून खाली उतरले होते आणि ही होडी त्याच डोंगरावरून वर चालली होती. मी हे तात्यांना सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, आरसा बघा."

कारण आरसा पाहणे हे माझे काम होते. मी डाव्या खिडकीशी बसलो होतो. घाटातल्या वळणांवर मला पहिल्यांदा कळले की मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती वळणाच्या आतून, आखूड वाटेने येऊ पाहतात. पुढची मोटार सुखरूप वळली म्हणजे मागचे वळलेच असे नव्हे. त्यासाठी पुढच्याला मुद्दाम बाहेरून, जास्त लांबचा फेरा घ्यावा लागतो. विद्यार्थी पहिल्या दोन वळणांवर चुकला. एकदा डावे चाक कठड्यापासून वीतभर अंतरावरून गेले आणि मी ओरडलो. तिसऱ्या वळणापासून त्याला ते साधले. खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवीत, मागे साचलेल्या गाड्यांना जागा सापडेल तिथे बाजू देत आम्ही हेळवाकला माथ्यावर आलो. होडी घाट चढली होती. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि विद्यार्थ्याने होडीच्या नाळेवरून हात फिरवला.

खरा प्रसंग घाटात आलाच नाही. कोयनेच्या काठाने पाटण, मल्हारपेठ करीत उंब्रजला पुणे-बंगळूर महामार्गाला लागलो. रस्ता रुंद, गुळगुळीत, किंचित उताराचा. घाट जिंकलेला. विद्यार्थ्याचा पाय नकळत खाली गेला असावा. मी आरशात पाहिले तर होडी डावीकडे डोकावत होती. क्षणाने ती उजवीकडे गेली. मग पुन्हा डावीकडे, पण आधीपेक्षा जास्त. पिकअपची शेपटी तिच्याबरोबर हलू लागली. मागून एक कंटेनर येत होता. मी "अरे, अरे" एवढेच म्हणू शकलो. भाषेचा प्राध्यापक असून त्यापुढचा शब्द सापडला नाही.

"बिरेक मारू नगं!" तात्यांचा आवाज आला. ओरडून नव्हे, दाबून. "पाय सोड. वेग वाढवू नगं. चाक सरळ धर. तिला बघून तू हलू नगं."

मला वाटत होते, ब्रेक का लावत नाही हा? पण विद्यार्थ्याने ऐकले. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले आणि पाय उचलला. होडी आणखी दोनदा हलली, मग एकदा थोडी, मग नुसती थरथरली आणि आमच्यामागे निमूट चालू लागली. ब्रेक लावला असता तर मोटार थांबू लागली असती आणि मागचे साडेसहाशे किलो तिला बाजूने ढकलत सुटले असते. डोलणे आवरण्यासाठी उलटसुलट चाक फिरवले असते तर तेच डोलणे दुप्पट झाले असते. हे सारे मला नंतर समजले. त्या वेळी एवढेच समजले की कंटेनर बाजूने निघून गेला होता आणि माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

रस्त्याच्या कडेला थांबलो. तात्यांनी चाकांना दगड लावले, हूक सोडला आणि दांडी उचलली. ती एका बोटाने उचलली गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. होडीवर चढले, मागच्या टोकाला गेले आणि वाकले.

"हे नारळ कुणाचं?"

परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलासारखा मी उभा होतो. दोन पोत्यांचे ओझे फार तर साठ किलो. पण सीसॉच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेले साठ किलो! त्यांनी पुढच्या दांडीवरचे बहुतेक सगळे वजन उचलून घेतले होते. घाटात वेग नव्हता म्हणून ते लपले. महामार्गावर वेग मिळताच बाहेर आले. मी माफी मागू लागलो. तात्या म्हणाले, "पोराला बोललो नाही, तुमाला कसा बोलू? बांधलं ते मी. सुटण्याआधी पुन्हा दांडी उचलून बघायला पायजे हुती." तीस वर्षांत मी विद्यार्थ्याच्या चुकीचा वाटा असा उचलल्याचे मला आठवेना. वीस वर्षांत, असे म्हणायला हवे. पण त्या क्षणी माझे वय बरेच वाढले होते.

नारळांची पोती माझ्या मांडीवर आली आणि प्रवास पुढे सुरू झाला. मात्र ग्रह सुटला नव्हता. साताऱ्याला थांबून तुंब्याला हात लावला तर उजव्या चाकाचा तुंबा तापला होता. 'चालेल' म्हटलेले बेअरिंग चालले नव्हते. ते मिळवण्यात आणि बसवण्यात चार तास गेले. वाठार स्टेशनवरून फलटणला पोचेतो काळोख पडला. आता बारामती हाकेच्या अंतरावर. तिथून भिगवण तासाभराचे. मला घरची ओढ लागली होती. तात्या म्हणाले, "हितंच थांबायचं."

"का? रस्ता तर चांगला आहे."

"हंगाम चालू हाय, गुरुजी. समदीकडं उसाच्या ट्रॉल्या. मागं दिवा नसतो, लाल पट्टी नसते, ऊस बाहेर लोंबतोय. अंधारात दिसतच न्हाई." आणि जरा थांबून म्हणाले, "मीबी तशाच चालवल्या की. म्हनून सांगतो."

एका पेट्रोल पंपाच्या आवारात परवानगी काढून आम्ही थांबलो. तात्या पिकअपमध्ये झोपले. मी आणि विद्यार्थी होडीत. जमिनीवरच्या होडीत झोपण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. डिसेंबरची थंडी, वर चांदणे, अंगावर पांघरायला चार-चार जाकिटे. दुरून उसाच्या ट्रॅक्टरांची गाणी ऐकू येत होती.

जो विषय मी दिवसभर टाळत होतो तो तिथे निघाला. हा मुलगा दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेज सोडून वडिलांबरोबर होडीवर जाणार होता. मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांना म्हणालो होतो, "पोराला होडीतून उतरवा. त्याची जागा इथे नाही." वडिलांनी ऐकले. मुलगा बी.ए. झाला, मराठी घेऊन एम.ए. झाला, बी.एड. झाला. त्यानंतर दोन वर्षे त्याने एका ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवले, म्हणजे तास मोजून पैसे आणि तेही वर्ष उलटल्यावर. शिक्षकभरतीची वाट पाहिली. दरम्यान वडील गेले. आणि आता तो होडीत परत चढत होता, ती विकत आणायला मला बरोबर घेऊन.

"माझा सल्ला चुकला का रे?" मी विचारले. समोर तोंड नव्हते, चांदण्या होत्या, म्हणून विचारता आले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, राग आला होता. दोन वर्षं तुम्हाला फोन केला नाही तो त्यामुळेच." पुन्हा थांबून म्हणाला, "पण आता पाहुणे येतात, त्यांना मी नुसता पक्षी दाखवत नाही. पाण्याखाली कोणतं गाव आहे, ते सांगतो. लोक ऐकतात. बाबांना ते सगळं माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं." 

याने माझे पूर्ण समाधान झाले असे नाही. त्याला हवी होती ती नोकरी त्याला मिळायला हवी होती, हे माझे मत आजही कायम आहे. पण दिवसभरात जे पाहिले त्याचा अर्थ तेव्हा लागू लागला. मी त्याला ओढला होता. जोर लावून, सरळ रेषेत, आरशात न पाहता. वळण माझे झाले म्हणजे त्याचेही झाले, असे धरून चाललो होतो. मागच्याची वाट आतून जाते, त्याच्यासाठी पुढच्याने लांबचा फेरा घ्यायचा असतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. तात्यांना हे विचारले असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते न विचारता सांगितलेही. विद्यार्थ्याच्या हाती किल्ली देताना ते म्हणाले, "वढायचं काम इंजिन करतंय. आपलं काम मागं बघायचं."

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही पाण्याशी पोचलो. त्याच्या मातोश्री, शेजारीपाजारी, निम्मे गाव जमले होते. पलीकडे पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. विद्यार्थ्याला ट्रेलर उलटा मागे घेता येईना. मागच्याला डावीकडे न्यायचे तर पुढच्याने चाक उजवीकडे फिरवायचे असते, आणि मनुष्यस्वभाव नेमका उलटा! शेवटी तात्या बसले आणि सुईत दोरा ओवावा तशी त्यांनी ती होडी काठाशी नेली. लगेच पाण्यात मात्र घातली नाही. "तुंबं निवू द्या. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात घातलं की पाणी आत वढून घेतंय." तेवढ्यात चहा झाला.

आईने होडीला हळदकुंकू वाहिले. नारळ पाहिजे होता. त्या बाबतीत मी श्रीमंत होतो. ज्या नारळांनी होडी उलटायची वेळ आणली, त्यांतलाच एक तिच्या नाळेपुढे फुटला. मग आई मला म्हणाली, "गुरुजी, सव्वा रुपया तुमच्या हातानं पाण्यात टाका." मी कोटाच्या खिशात हात घातला. तोवर पट्टे सुटले होते आणि तात्या पिकअप मागे घेऊ लागले होते. सुट्ट्या पैशांऐवजी माझ्या हाती एक गोल, रबरी वस्तू आली.

मी कोणत्या शब्दांत ओरडलो ते आठवत नाही. पण या खेपेस शब्द सापडला.

"बूच!"

पिकअप जागच्या जागी थांबला. सारे हसले, मातोश्री सोडून. त्यांनी ते बूच माझ्या हातून घेतले, मुलाच्या हाती दिले आणि ते बसल्यावर स्वतः ओढून पाहिले. मग होडी पाण्यात गेली आणि डोलून स्थिर झाली.

पहिल्या फेरीला आम्हां तिघांना त्याने जाकिटे घालायला लावली. तात्यांना ते आवडले नाही, ते म्हणाले, "मला पवता येतंय." माझा विद्यार्थी म्हणाला, "तात्या, या होडीत जाकिटाशिवाय कोणी बसायचं नाही. पवता येत असलं तरी." आणि तात्यांनी निमूटपणे बंद आवळला. काल दिवसभर ज्याने आज्ञा ऐकल्या, तो आज आज्ञा देत होता. आणि काल आज्ञा देणारे आम्ही दोघे आज त्याच्या नावेत बसलो होतो.

त्याच पाण्यावरून लोक मोटारसायकली होडीत घालून पलीकडे नेतात. वाटेत अशी एक होडी आम्हांला आडवी गेली. म्हणीचा दुसरा अर्धा भागही असा पदरात पडला. आता सुट्टीनंतर वर्गात ही म्हण आली म्हणजे मी काय सांगतो, असे कोणी विचारील. विवरण तेच सांगतो. फक्त सांगताना आता मागच्या बाकांकडे जास्त वेळ पाहतो.